सीलसाहेब आणि तापलेली पेटी

सीलसाहेबांचा या जगात एकाच गोष्टीवर पूर्ण विश्वास होता, आणि ती म्हणजे त्यांच्या उजव्या अंगठ्याचं नख. वीज खात्यात मीटर तपासनीस म्हणून त्यांनी उभी हयात काढली. घरोघरी जायचं, मीटरवरची सीलं बघायची आणि कुणी ती उघडून पुन्हा साळसूदपणे चिकटवली आहेत का ते ओळखायचं, हे त्यांचं काम. "सील डोळ्याने बघायचं नसतं, नखाने बघायचं असतं," असं ते हाताखालच्या लोकांना सांगत. कागदी सीलच्या कडेवरून ते नख फिरवीत, आणि एखादं टोक नुसतं टेकवून ठेवलेलं असलं तर त्यांना तिथल्या तिथे कळे. मग समोरच्याने कितीही गयावया केली तरी त्यांच्या कपाळावरची आठी सुटत नसे. सीलसाहेब हे नाव लोकांनी त्यांना चिडवायला ठेवलं होतं. त्यांना ते बढतीसारखं वाटलं.

निवृत्त झाल्यावर नोकरी सुटली, संशय मात्र घरी आला. दूध पातळ आहे, भिंतीवरचं घड्याळ मुद्दाम मागे पडतं, शेजारी आपल्याला बघून आवाज खाली आणतो, अशा नोंदी मनातल्या मनात चालू असायच्या. बायको होती तोवर ती या सगळ्याची थट्टा करून मोकळी व्हायची. "तुम्ही माझ्याशी लग्न केलंत की मला सील ठोकलंत?" असं ती चारचौघांत विचारायची, आणि सीलसाहेब चक्क लाजायचे. ती गेली आणि त्यांची थट्टा करणारं घरात कुणी उरलं नाही. उरले ते, त्यांचा मुलगा आणि सून.

मुलगा औषधांच्या कारखान्यात पाळीवर जायचा. सून घरूनच काम करायची. अजून न बांधलेल्या इमारतींची ती संगणकावर अशी हुबेहूब चित्रं काढायची, की खिडकीतल्या कुंडीची सावलीसुद्धा दिसावी. नसलेली इमारत असल्यासारखी दाखवायची, हा काय उद्योग आहे, हे सीलसाहेबांना कधीच पटलं नाही. लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्यांनी सुनेच्या कपाटात डोकावून बघितलं होतं, आणि नेमकी ती दारात उभी होती. ती चिडली नाही, रडली नाही. शांतपणे म्हणाली, "बाबा, आमच्या खोलीत पुन्हा अशी तपासणी झाली, तर आम्ही वेगळं घर घेऊ. एकदाच सांगते." ती ओरडली असती तर सीलसाहेब दुसऱ्या दिवशी विसरले असते. ती शांत होती म्हणून ते घाबरले. तेव्हापासून त्यांनी त्या खोलीचा उंबरा ओलांडला नव्हता.

मग घरात ती पेटी आली.

सुनेने बरेच दिवस मनात धरलेला गेमिंगचा संगणक होता तो. सुटे भाग खोक्यांतून आले आणि तिने ते स्वतः जोडले. दिवसा इमारती आणि संध्याकाळी मैत्रिणींबरोबर गेम, असा तिचा बेत होता. पेटी काळी, दोन्ही बाजूंना काच, पुढूनही काच. हवा आत जायला फक्त खालून जाळी, आणि बाहेर पडायला वरून आणि मागून. आतला प्रोसेसरचा कूलर तर पावाच्या लादीएवढा मोठा. मुलाने हौसेने वडिलांना बघायला बोलावलं. सीलसाहेब उंबऱ्याबाहेरच उभे राहिले आणि तिथून मान लांब करून बघू लागले.

"एवढे पंखे कशाला?" त्यांनी विचारलं.

"वेग वाढवायचाय बाबा," सून म्हणाली. "कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा हा प्रोसेसर जास्त पळू शकतो. पण जास्त पळाला की तापतो. म्हणून आधी थंड ठेवायची सोय करायची, मग वेग एकेक पायरी वाढवायचा. प्रत्येक पायरीला तासन्‌तास चाचणी लावायची. अडखळला की एक पायरी खाली यायचं, आणि तिथेच थांबायचं."

सीलसाहेबांचे डोळे बारीक झाले. "म्हणजे मंजूर भारापेक्षा जास्त ओढायचं."

"तसंच काहीसं."

"आणि कंपनीला न विचारता."

"बाबा, मशीन आपलंच आहे. यात चोरी नाही."

"सगळे असंच म्हणायचे," सीलसाहेब पुटपुटले आणि आपल्या खोलीत गेले.

त्या दिवसापासून त्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकू लागली. खरं सांगायचं तर पेटीशी त्यांचं काही वाकडं नव्हतं. घरातली प्रत्येक वस्तू त्यांची आणि बायकोची होती. टेबल, पंखा, भांडी, अगदी दाराची कडीसुद्धा. ही पहिली मोठी वस्तू अशी, की जी फक्त मुलाची आणि सुनेची होती आणि उचलून नेता येण्यासारखी होती. जायचं ठरवलेली माणसं आधी आपलं वेगळं सामान जमवू लागतात, हे त्यांनी भाडेकरूंच्या घरांत पाहिलं होतं. पोरं घर सोडणार, आपण एकटे पडणार, ही त्यांची भीती होती. पण आपण घाबरलो आहोत हे कबूल करणं त्यांना जमणारं नव्हतं. संशय घेणं जमण्यासारखं होतं.

सून दुपारी पोहायला जायची आणि जाताना पेटीला चाचणी लावून जायची. मुलगा कामावर. घरात सीलसाहेब आणि पंख्यांची घरघर. एका दुपारी ते उंबरा ओलांडून आत गेले. काही उघडायचं नाही, काही हलवायचं नाही, एवढं त्यांनी स्वतःला बजावलं होतं. त्यांना फक्त जाणून घ्यायचं होतं, की ही पेटी उघडली जाते का. नुसता संगणक असेल तर एकदा जोडल्यावर तो कोण कशाला उघडेल? आणि कुणी उघडत असेल, तर आत काहीतरी ठेवलं जात असणार, काढलं जात असणार.

त्यासाठी त्यांच्याकडे जुना उपाय होता. त्यांनी फोटोंच्या जुन्या अल्बममधली मागची कोरी काळी पानं काढली आणि चार बोटं रुंदीच्या पट्ट्या कापल्या. काळ्या पेटीवर काळा कागद, म्हणजे कुणाच्या नजरेस पडायला नको. पट्टी पेटीच्या मागच्या बाजूला, अगदी खाली, झाकणाच्या फटीवर लावली. डिंक बेताचा, झाकण सरकलं की पट्टी सुटून पडेल एवढाच. आणि सवयीने, हात आवरता न आल्याने, त्यांनी तिच्यावर पेन्सिलीने आडवी सही ठोकली. सहीशिवाय सील त्यांच्या लेखी सीलच नव्हतं.

तीन दिवसांनी बघतात तर पट्टी गायब. खाली वाकून बघितलं, जमिनीवर कपटासुद्धा नाही. "पुरावाही नाहीसा केला," सीलसाहेब स्वतःशीच म्हणाले आणि त्यांना निवृत्तीनंतर पहिल्यांदा तरतरी आली. त्यांनी दुसरी पट्टी लावली. तीही गेली. तिसरी तर दुसऱ्याच दिवशी गेली. आता पाणी कुठेतरी मुरत होतं, याबद्दल त्यांना शंकाच राहिली नाही.

इकडे सुनेचंही डोकं फिरायची वेळ आली होती. सुरुवातीला सगळं छान चाललं होतं. एकदा फक्त आतली एक सुटी वायर बांधायला तिने पेटी उघडली होती. वेग दोन-तीन पायऱ्या वर नेला तरी तापमान साठ-पासष्ट अंशांच्या घरात. मग काय झालं कोण जाणे, तो आकडा सत्तरला गेला, ऐंशीला गेला. तिने वेग खाली आणला. तरी तेच. कूलर नीट बसला नसेल म्हणून तिने पेटी उघडली, प्रोसेसर आणि कूलरमधली जुनी पेस्ट पुसली, नवी लावली, कूलर घट्ट केला. दोन दिवसांनी तापमान आणखी वर. पुन्हा उघडली. कंपनीच्या मूळ वेगावर आणून ठेवलं, तरी पेटी तापतच राहिली. एके दिवशी ती पोहून आली, तर चाचणी अर्धवट आणि मशीन बंद.

"बाबा, तुम्ही बंद केलंत का हे?"

"मी?" सीलसाहेब म्हणाले. "मी तुमच्या खोलीत पाऊलही टाकत नाही."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे तापून आपोआपच बंद पडलं." तिचा आवाज रडवेला झाला होता. सीलसाहेबांना तिच्यावर विश्वास ठेवावासा वाटला, आणि त्यामुळे त्यांचा संशय आणखी वाढला. इतकं चांगलं नाटक त्यांनी फार थोड्या घरांत पाहिलं होतं.

त्या रविवारी चहा पिताना सुनेने सगळ्यांसमोर विषय काढला. "मला वाटतं त्या दुकानदाराने आपल्याला फसवलंय. वापरलेला कूलर नवा म्हणून दिलाय. बाबा, तुम्ही इतकी वर्षं चोऱ्या पकडल्यात. उद्या तो घरी येतोय, तुम्ही माझ्याबरोबर बसाल का? मला त्याच्याशी बोलताना कुणीतरी पक्कं माणूस हवंय."

सीलसाहेबांच्या हातातला कप थांबला. या घरात त्यांच्या संशयाला आजवर सगळे वैतागले होते, त्याची मागणी कुणी केली नव्हती. दुकानदार! हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. म्हणजे सून पेटी उघडते ती काही लपवायला नाही, दुकानदाराची लबाडी शोधायला. त्यांचा जीव भांड्यात पडला आणि सगळा संशय एका दमात दुकानदाराकडे वळला. "त्याला मी बघतो," ते म्हणाले. "कागद न्‌ कागद विचारतो."

दुसऱ्या दिवशी दुकानदार आला. हसतमुख, घामेजलेला, हातात हत्यारांची पिशवी. सीलसाहेबांनी त्याला आधी पाणीसुद्धा विचारलं नाही.

"कूलरच्या खोक्यावर सील होतं?"

"होतं की काका. ताईंनी स्वतः तोडलं."

"तोडण्याआधी ते एकदा तोडून पुन्हा लावलेलं नव्हतं कशावरून?"

दुकानदाराचं हसू जरा आखडलं. "काका, मी असले धंदे करत नाही. मला दुकान चालवायचंय."

"सगळे असंच म्हणायचे."

"मी पण तेच म्हणतेय," सून म्हणाली. ती सहसा कुणाला लागेल असं बोलत नसे, पण आता तिचा संयम सुटला होता. "तुम्ही मला जुना माल दिलाय. मला जिथे जिथे ओळखतात तिथे मी सांगणार आहे. तुमच्या दुकानात कुणी जाऊ नये म्हणून."

दुकानदाराचा चेहरा उतरला. तो पेटीशेजारी बसला. त्याने मशीन चालू करायला लावलं आणि वरच्या बाजूला हात धरला. मागे धरला. मग खाली, जाळीजवळ. तिथे त्याने हात बराच वेळ धरून ठेवला.

"ताई, ही खालून हवाच ओढत नाहीये."

"पंखे तर फिरतायत."

"फिरतायत. पण श्वास कोंडलाय." त्याने मोबाइलचा दिवा लावला आणि तो जमिनीवर आडवा झाला. "जाळी साफ केलीत कधी?"

"नवी पेटी आहे. इतक्यात कशाला साफ करू?"

दुकानदाराने पेटीखाली बोटं घातली आणि काहीतरी खरवडून काढलं. काळी पट्टी. मग आणखी एक. मग आणखी. जाळी काळी, कागद काळा, वर धुळीचा थर. झाकण सरकलं की पट्टी सुटून खाली पडायची, पंख्यांची ओढ तिला जाळीवर नेऊन बसवायची, आणि उरलेला डिंक तिला तिथेच धरून ठेवायचा. पेटी तापायची म्हणून सून ती उघडायची. सून उघडायची म्हणून सीलसाहेब नवी पट्टी लावायचे. नवी पट्टी जाळीवर जायची आणि पेटी आणखी तापायची.

सीलसाहेबांना हे सगळं एका क्षणात कळलं.

"कुणाची तरी सही दिसतेय," दुकानदार एक पट्टी उजेडात तिरकी धरून म्हणाला. "प्रत्येकीवर आहे."

सुनेने पट्टी हातात घेतली. कुरिअरवाल्याच्या कागदावर, गॅसवाल्याच्या पावतीवर, ही आडवी सही तिने शेकडो वेळा पाहिली होती. तिने वर बघितलं नाही. सीलसाहेबांना कळलं, की आपण गप्प बसलो तर ती दुकानदारासमोर आपली अब्रू राखेल. पट्टी मुठीत घेईल, काहीतरी सारवासारव करेल. आणि हा घामेजलेला माणूस मनात सल घेऊन घरी जाईल. बोललो, तर वेगळं घर. तिने एकदाच सांगितलं होतं.

नोकरीत त्यांनी कुणाची गय केली नव्हती, पण निर्दोष माणसावर ठपकाही कधी ठेवला नव्हता. तेवढा एकच अभिमान त्यांच्याकडे शिल्लक होता.

"माझी आहे," ते म्हणाले. "सील मी लावलं. दुपारी, घरात कुणी नसताना." मग दुकानदाराकडे वळून, "तुमचा माल खरा आहे. मी तुम्हाला नको ते बोललो."

दुकानदार आळीपाळीने दोघांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "डिंक मात्र चांगला होता काका." कुणीच हसलं नाही. सुनेने त्याची माफी मागितली, त्याला बसवून चहा दिला आणि दारापर्यंत सोडायला गेली. परत आली ती थेट खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. जरा वेळाने पंख्यांचा आवाज आला. हलका, मोकळा आवाज. पेटी थंड झाली होती.

संध्याकाळी मुलगा घरी आला. बंद दाराआड बराच वेळ बोलणं चाललं होतं. जेवताना सगळे भिंतीकडे बघत होते. सीलसाहेबांना विचारायचं होतं, "घर बघायला कधी जाताय?" पण त्यांनी फक्त भात वाढून घेतला.

सकाळी आंघोळीला जायचं म्हणून ते आपल्या कपाटाकडे गेले आणि जागच्या जागी थबकले. कपाटाच्या दोन दारांच्या फटीवर एक काळी पट्टी होती. त्यांच्याच कापून उरलेल्या पट्ट्यांतली. तिच्यावर पेन्सिलीने आडवी सही. सुनेची.

त्यांचे कान तापले. कपाटात होतं काय? चार सदरे, दोन विजारी, बायकोची एक शाल. त्यात चोरण्यासारखं, लपवण्यासारखं काही नव्हतं. तरीही ते तिथे असे उभे राहिले, की जणू कुणीतरी त्यांना भर रस्त्यात थांबवून खिसे उलटे करायला सांगितले आहेत. ज्या घरांत त्यांनी सीलं ठोकली, तिथल्या बायका पदराला हात पुसत मुकाट्याने का उभ्या राहायच्या, ते त्यांना आज समजलं. त्यांचा अंगठा आपोआप पुढे झाला. त्यांनी तो मुठीत दाबून धरला आणि कालचाच सदरा पुन्हा घातला.

त्या दिवशी ते घरात फिरले, पेपर वाचला, जेवले. कपाटाकडे गेले नाहीत. दुसऱ्या दिवशीही तोच सदरा. गळपट्टी काळी पडली होती. मुलाने नाक मुरडलं. सून येता-जाता बघत होती. ती कशाची वाट बघते आहे, हे काही कळेना. सीलसाहेबांना नाही नाही ते विचार येत होते. सामान आवरायला हिने आतून सुरुवात केली असेल. पट्टी तोडली तर ती म्हणेल, बघा, पुन्हा तेच.

दुपारी ती त्यांच्या दारात येऊन उभी राहिली. पोहायला जायची पिशवी खांद्यावर.

"बाबा, सदरा बदलत का नाही?"

"सील आहे."

"मग?"

"तुझं सील आहे. मी कसं तोडू?"

ती आत आली, कपाटासमोर गेली आणि एका हाताने दार ओढलं. दार उघडलं. पट्टी फाटली नाही. ती एका दारावर नुसती लोंबत राहिली. तिचं एकच टोक चिकटवलेलं होतं. दुसरं नुसतं टेकवून ठेवलं होतं.

"दोन दिवस," ती म्हणाली, "तुम्ही एकदाही नख लावून बघितलं नाहीत?"

हजारो सीलं तपासणाऱ्या माणसाने आपल्याच कपाटाचं सील तपासलं नव्हतं. "नाही," ते शेवटी म्हणाले. "हात लावायची लाज वाटली."

सुनेचे डोळे भरून आले. तिने ते लपवले नाहीत. कपाटातून एक धुतलेला सदरा काढून तिने त्यांच्या हातात दिला.

"उद्या घर बघायला जाणार होतो आम्ही. तिथल्या माणसाला मी कालच नको म्हणून कळवणार होते, पण म्हटलं आजचा दिवस बघू. आता कळवते, येत नाही म्हणून." ती वळली, आणि उंबऱ्यात थांबून म्हणाली, "मी चाचणी लावून चाललेय. वेग एक पायरी वाढवलाय. मधून मधून आत जाऊन आकडा बघाल का? सत्तरच्या वर गेला तर मला फोन करा."

"खोलीत जाऊन?"

"आकडा बाहेरून दिसत नाही बाबा."

ती गेली. सीलसाहेबांनी सदरा बदलला. हे सगळं इतकं सरळ कसं झालं, यात काही गोम तर नाही, असं त्यांच्या मनात आलंच. मग ते त्या दोघांच्या खोलीत गेले, दोन्ही हात पाठीमागे धरून पडद्यासमोर उभे राहिले, आणि ती घरी परत येईपर्यंत तिथून हलले नाहीत. आकडा त्रेसष्ट होता.